बुवा एका खोक्यात, मृदंग दुसऱ्या खोक्यात

या मायबापहो, जरा पुढं सरका. टाळकरी जमेपर्यंत परभणीच्या अप्पारावांवर काय संकट कोसळलं ते सांगतो.

अप्पारावांचे वडील व्यंकटबुवा म्हणजे नामवंत कीर्तनकार. त्यांच्या एका कीर्तनाची कॅसेट आणि त्यांनीच हौसेनं घेतलेला जुना स्टिरिओ, ही घरची खरी इस्टेट. एका स्पीकरमधून बुवा ऐकू यायचे, दुसऱ्यातून मृदंग आणि टाळकरी. यंदा खंडेनवमीला विळी, शिलाई मशीन यांची पूजा झाल्यावर अप्पाराव स्पीकरकडे वळले. जाळी काढून आतल्या कागदी कोनाला त्यांनी भक्तिभावानं ओलं गंध फासलं. दुसऱ्या स्पीकरकडे हात जाईपर्यंत पहिल्याचा कोन भिजून फाटला होता.

"अहो, गंध लावायलाव का भिंत सारवायलाव?" त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई ओरडल्या.

बुवांचा स्पीकर वाचला, मृदंगाचा गेला. आता कॅसेट लावली की बुवा "बोला, विठ्ठल!" म्हणून थांबायचे आणि पुढं शुकशुकाट. पुन्हा "बोला!" पुन्हा शुकशुकाट. एवढ्या मोठ्या कीर्तनकाराला कुणी साथ देईना! अप्पारावांचे डोळे भरून यायचे. त्यात बुवांची पुण्यतिथी तोंडावर, आणि त्या दिवशी सगळी गल्ली कॅसेट ऐकायला येणार.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सिद्धोधननं कोन पाहून मान हलवली. "काका, ह्यो माल आता कुठंच मिळत न्हाई. डीजेचा बसवू का?"

"त्यात मृदंग वाजंल?"

"वाजंल. संगं तुमच्या खिडक्याबी वाजतील."

शेवटी त्यालाच आठवलं, की ताडकळसच्या भुजंगकडं असाच सेट आहे. एक स्पीकर उंदरांनी खाल्ला, एक चालू आहे. अप्पाराव पहिल्या बसनं ताडकळसला. भुजंग म्हणजे बुवांचे मृदंगवादक महारुद्र यांचा मुलगा. त्याच्याकडंही तीच कॅसेट लागलेली, पण खोक्यातून नुसता मृदंग.

"भुजंगा, एवढा कोन दे बाबा. बुवांची पुण्यतिथी हाय."

"आन माझा बाप कशातून वाजवंल?"

"अरे, बुवांशिवाय नुसता मृदंग ऐकतं कोण?"

"मी ऐकतो की रोज. मधी मधी कुणी बोलत न्हाई, लय निवांत वाटतंय."

अप्पाराव पाणीसुद्धा न पिता परतले.

पुण्यतिथीला गल्ली जमली. "बोला, विठ्ठल!" बुवा थांबले. शुकशुकाट. कुणीतरी खोकलं. अप्पारावांनी मान खाली घातली, ती वर येईना.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. भुजंग पोटाशी खोकं धरून आत आला.

"कोन देणार न्हाई," तो गुरकावला. "बापच आणलाय. जोडा."

अप्पारावांनी वायर जोडली. बुवा "बोला!" म्हणाले आणि मृदंग असा कडाडला, की बसलेली माणसं उभी राहिली. अप्पाराव रडले, भुजंग रडला. मग डोळे पुसता पुसता भुजंगनं बॅलन्सचं बटण हळूच मृदंगाकडं फिरवलं. अप्पारावांनी ते बुवांकडं आणलं. भुजंगनं पुन्हा मृदंगाकडं नेलं. अखेर प्रभावतीबाई उठल्या, बटण मधोमध केलं आणि त्यावर हात दाबून अख्खं कीर्तन ऐकलं.

आता दर एकादशीला भुजंग बापाला घेऊन परभणीला येतो, आणि बाईंचा उजवा हात संध्याकाळभर बटणावरच असतो.

मायबापहो, व्यंकटबुवांचं नाव सगळेच घेतात. तुम्ही घरी जाताना तेवढी महारुद्रांची आठवण ठेवा.