मंजूर आवाज

गणराज चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होता. त्याच्या घरात वांगीसुद्धा तपासणीशिवाय कढईत जात नसत. पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये त्याने नवे स्पीकर आणले, तेव्हा बायकोने, योगिनीने, एकच अट घातली.

"भारी केबलनं आवाजात फरक पडतो म्हणताय ना? दाखवा. नाहीतर सगळं परत. दुकानाचा माणूस संध्याकाळी न्यायला येतोय."

गणराज गंभीर झाला. नुसतं बघून माल पास करणं कंपनीत पाप समजतात. म्हणून त्याने स्पीकरपुढे चादर टांगली आणि तिच्यामागे निघोज्याहून आलेल्या सासऱ्यांना बसवलं. हिंदुराव शेतकरी, भजनी मंडळातले आणि पूर्ण निःपक्षपाती. त्यांना दोन्ही केबली सारख्याच बिनकामाच्या वाटत होत्या.

"मामा, आधी साधी वायर, मग ही चांदीचा मुलामा दिलेली. अभंगाचा सुरुवातीचा आलाप तेवढा लावायचा. मध्ये बोलायचं नाही."

"न्हाई बोलत, जावईबापू."

साधी वायर वाजली. गणराजने मान हलवली. "कोरडा आवाज. जीव नाही."

मग चादरीमागे बराच वेळ खुडबुड झाली. काहीतरी कडकन मोडलं. आणि आलाप सुरू झाला.

गणराजचे डोळे भरून आले. "ऐक! गायक खोलीत बसलाय असं वाटतं. श्वास कळतोय त्याचा!"

योगिनी सावरून बसली. तेवढ्यात गायक खोकला.

"खोकलासुद्धा! साध्या वायरीत होता का हा खोकला?" गणराजने उठून चादरीवर हिरवं 'मंजूर' स्टिकर चिकटवलं.

योगिनीने चादर ओढली. हिंदुराव मांडी घालून, एक हात कानावर ठेवून, डोळे मिटून गात होते. चांदीच्या केबलची मोडकी पिन पुढ्यात पडली होती.

"आबा!"

"मोडली गं. जावईबापू म्हनले, बोलायचं न्हाई. म्हून गायलो."

बेल वाजली. माणूस आला आणि स्पीकर घेऊन गेला. गणराज एका शब्दाने आडवा आला नाही. मंजूर झालेला माल अजून घरातच होता, आणि मंजूर माल त्याने आजवर कधी फिरवला नव्हता.

"निघतो आता. म्हशी हायत घरी," हिंदुरावांनी पिशवी उचलली.

गणराजने ती हातातून काढून घेतली, स्पीकरच्या रिकाम्या जागी सतरंजी अंथरली, त्यांना बसवलं आणि स्वतः समोरच्या सोफ्यावर जाऊन कान देऊन बसला.

"मामा, जरा डावीकडं सरका," तो म्हणाला. "आवाज भिंतीवर आदळतोय."