हैबतराव अश्ववैद्यांनीं ग्रंथवकील पारखिला त्याची हकीकत

गजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि जे ऐकावयास मांडी घालोन बसले त्यांसही वंदन असो. शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं एका राज्यांत जें वर्तलें तें सांगतों. राज्याचें नांव कोणी पुसों नये. त्या राज्यांत ग्रंथदरबार म्हणोन थोर कारखाना होता. तेथें ग्रंथ मान्य जाहला म्हणजे कारकून बसोन नकला करीत आणि गांवोगांव चावडीवर वाचन होई. परंतु ग्रंथकर्त्यास देवडीच्या आंत पाऊल नव्हतें. वकिलानें ग्रंथ आंत न्यावा, वकिलानें रदबदली करावी, आणि दरबारानें बिदागी दिली म्हणजे त्यांतून आपला वांटा घ्यावा, ऐसी चाल होती. मग चाल पडली तेथें लबाडही आले. खरे वकील थोडे आणि वकिलासारखी पगडी बांधणारे उदंड जाहले.

त्या राज्यीं हैबतराव म्हणोन सरकारी पागेचे अश्ववैद्य होते. घोड्याचा दांत पाहोन वय सांगावें, चाल पाहोन खोड सांगावी, ऐसा त्यांचा लौकिक. परंतु मनाची हौस निराळी. कैक वर्षें खपोन त्यांनीं एक कथा लिहिली. एका अंगणांत राहणाऱ्या दोन जावा अबोला धरितात आणि अबोल्यांतच म्हाताऱ्या होतात, ऐसी ती कथा. त्यांत घोडा औषधालाही नव्हता. नक्कल दुसरी नव्हती, आणि वाचणारा एकही भेटला नव्हता. पत्नी गोजराबाई ऐकावयास बसत, आणि पहिलें पान उलटतें न उलटतें तों त्यांचा डोळा लागे.

मग विश्वंभरपंत नामें वकील पागेजवळ बिऱ्हाड करोन राहिले. पगडी मोठी, बोलणें साखरेचें. "ग्रंथ धाडा, वाचून कळवतों," म्हणाले. हैबतरावांनीं उतावीळपणें फळीवरील लाल रुमालांत बांधलेलें दप्तर काढिलें आणि तैसेंच धाडोन दिलें. लगोलग उत्तर आलें कीं, वाचोन डोळां पाणी आलें, शेवटीं तर हुंदका आवरेना, ऐसा ग्रंथ या राज्यीं जाहला नाहीं. हैबतराव हर्षें वेडे जाहले. पत्र उशाशीं ठेविलें, पागेंत नेवोन घोड्यांसही वाचोन दाखविलें. पुढें पंतांचें मागणें आलें कीं, ग्रंथावरील हक्क कायमचा आमचे नांवें लिहोन द्यावा, आणि देवडीवरील अंमलदारांस खूष करावयास रोकड आगाऊ द्यावी. मग हैबतरावांनीं आपली चंद्री घोडी विकावयाचें मनीं धरिलें.

तेव्हां गोजराबाई बोलिल्या, "अहो, घोडं घेताना दात बघता, खूर उचलून बघता, माळावर पळवून बघता. आन् ह्या बाबाची नुसती पगडी बघून चंद्री इकायला निघाला? ह्यानं आजवर कुणाचं पुस्तक आत नेलं, इचारलं का?"

"तुला काय कळतंय? माझं वाचून रडला तो. तू घोरतीस."

बाईंस तें लागलें. त्या उठोन चुलीपाशीं गेल्या.

ज्या दिवशीं हक्कपत्र करोन द्यावयाचें, त्याच दिवशीं सकाळीं पागेंतून स्वार धांवत आला कीं, सरकारची लाडकी घोडी पोटशूळानें लोळते आहे. औषधाचें प्रमाण वडिलांचे टिपणांत होतें, आणि तें टिपणही गोजराबाईंनीं लाल रुमालांतच बांधिलें होतें. हैबतरावांनीं फळीवरील रुमाल घाईनें सोडिला आणि पाहतात तों आंत दोन जावा! पानें तळापर्यंत उलटिलीं. ग्रंथ सारा घरींच. मग पंतांकडे गेलें तें वडिलांचें टिपण.

"गोजरे, मग तो रडला कशावर गं?"

"घोड्याच्या पोटदुखीवर."

परंतु तेथें घोडी लोळत होती. हैबतराव तैसेच पंतांचे बिऱ्हाडीं गेले. पंत सामोरे येवोन म्हणाले, "या, या! आपल्या नायिकेचं दुःख अजून काळजातून जात नाही." हैबतरावांची नजर कोनाड्यांतील रुमालाकडे गेली. गोजराबाई रुमालास दावणीची गांठ मारीत, ती दुसऱ्या कोणास साधत नसे. गांठ घरून आली तैसीच होती. हैबतरावांनीं पुसिलें, "आणि शेवट कसा वाटला, पंत?"

"शेवट! अहो, त्या शेवटानं अन्न गोड लागेना."

"शेवटी हिंग, ओवा आणि काळं मीठ आहे, पंत. गुळात कालवून चारायचं, आणि घोडीला हळूहळू फिरवायचं."

ऐसें बोलोन रुमाल उचलिला आणि चालते जाहले. सायंकाळीं घोडी उठोन दाणा खाऊं लागली. मग हैबतराव घरीं आले, चंद्रीच्या गळ्यांत हात घातले, ग्रंथ उराशीं धरिला आणि सुटलों म्हणोन रडले. परंतु मनीं एक सल राहिला कीं, आपुलें लिहिणें अद्याप कोणीं वाचिलें नाहीं.

मग गोजराबाई त्यांस देवडीवर घेवोन गेल्या. देवडीवाल्यानें सांगितलें, विश्वंभरपंत कोण तें आम्ही जाणत नाहीं; येथें ग्रंथ घेवोन चिंतोपंत वकील येतात. मग ज्यांचे ग्रंथ चावडीवर वाचले जात त्यांस जाऊन पुसिलें. ते म्हणाले, माणूस तुसडा, परंतु आगाऊ कवडी घेत नाहीं. तेव्हां रुमाल सोडोन, आंत जावा आहेत ऐसें पाहोन, ग्रंथ चिंतोपंतांस दिला. बहुत दिवस उत्तर नाहीं. मग एके दुपारीं चिंतोपंत स्वतां आले, मुद्रा आंबट.

"वैद्य, हे अजून दरबारात नेण्याजोगं नाही. मधले अध्याय रेंगाळतात. आणि तिसऱ्या अध्यायात थोरलीची म्हैस मेली, ती सातव्यात दूध कशी देते? जनावरांचे वैद्य ना तुम्ही? दुरुस्त करा आणि आणा. नेईन की नाही ते तेव्हा सांगेन."

हैबतरावांचे डोळे भरोन आले. "गोजरे, बाहेर ये! म्हैस मेली, ते ह्यांना ठाऊक आहे!"

ग्रंथकर्ते रुसतात हें चिंतोपंतांस ठाऊक होतें; येथें तर हैबतरावांनीं त्यांचे हातीं गुळाचा खडा ठेविला, पाणी दिलें आणि पुन्हां पुन्हां म्हशीचें पुसों लागले.

ऐसें हें वर्तमान. विश्वंभरपंत बिऱ्हाड मोडोन दुसऱ्या राज्यांत गेले. ग्रंथाचें दरबारीं काय होईल तें पुढें कळेल. तूर्त सरकारची घोडी बरी, चंद्री ठाणावर बांधली आहे, आणि हैबतरावांनीं सातव्या अध्यायीं नवी गाय आणिली, तो अध्याय गोजराबाईंनीं अखेरपर्यंत जागेपणीं ऐकिला.