चुंबक, ठकी आणि एक झावळी

माझ्या तोंडाला तोंड देणारं माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचंय! मासळीवाली माझ्या दारात भाव सांगताना आवाज खाली घेते. मीटरवाला बिल कडीला अडकवतो आणि सायकल अशी हाणतो, जशी काय मी कोयता घेऊन मागे लागलेय!

फक्त कुंपणापलीकडची ठकी मला घाबरत नाही. माझ्या माडाची झावळी तिच्या अंगणात पडते. ती उचलून माझ्याकडे फेकते, मी परत तिच्याकडे. मग जे सुरू होतं ते चुलीवरचा भात करपेपर्यंत! आमचे हे गेले, प्रणव पुण्याला राहिला. तेव्हापासून दिवसाकाठी माझ्याशी बोलणारं माणूस ते एवढंच.

गणपतीत प्रणव आला नि म्हणाला, "आई, तू सारखी चिडतेस. चारुता तुझा फोन उचलायला घाबरते."

"सून हाय का मांजर?"

"आणि रात्री रडतेस."

"कोण बोलला?"

"ठकीमावशी."

मेली! कान आहेत का भोंगे?

सरावलीला असल्या चिडण्या-रडण्यावर इलाज करणारा एक डॉक्टर होता, प्रणवने तिथे माझं नाव घातलं. कापाकापी नाही, शॉक नाही, डोक्याला म्हणे बाहेरूनच चुंबक लावायचं! तेजल नावाच्या पोरीने मला पांढरी टोपी घातली, तिच्यावर पेनाने खुणा केल्या आणि वरून आठाच्या आकड्यासारखं जाडजूड चुंबक टेकवलं. टक टक टक टक! सुतारपक्ष्याने माझ्या टाळक्यात घर करायला घेतलं! डावी भुवई आपली आपण नाचायला लागली.

"आजी, हलू नका."

"मी कुठे हलते? तूच हलवतेस!"

रोज रिक्षाने जायचं, टकटक खायची, परत यायचं. आणि एके सकाळी झावळी पडली. ठकीने ती भिरकावली, पदर खोचला, तयार! मी रागाची वाट बघत राहिले. राग येईचना! ओल्या लाकडासारखी नुसती धुमसले आणि विझले.

"राहू दे गो ठके," मी म्हटलं. "तुला लागली तर नाय ना? ये, चाय घे."

ठकी पांढरी पडली. एक चप्पल तिथेच टाकून पळाली!

घटकाभरात माझ्या ओटीवर गाव! कोणी तळपाय चोळतंय, कोणी तोंडात गंगाजल ओततंय. ठकी फोनवर बोंबलत होती, "प्रणव, लवकर ये रे! तुझी आई चालली! माझ्याशी गोड बोलली!"

दुपार टळली तसे प्रणव आणि चारुता गाडी उडवत आले. चारुता माझा हात धरून म्हणाली, "आई, मला ओळखलंत का?"

"ओळखलं तर! किती छान दिसतेस गो."

"अहो, डॉक्टरांना बोलवा!" ती किंचाळलीच!

शेवटी प्रणवने सगळ्यांना चुंबकाचं समजावलं. माणसं हसली, चहा प्यायली. कितीतरी दिवसांनी घरातले सगळे कप विसळायला पडले होते. वाटलं, मरायला टेकलेलं काय वाईट नाही!

संध्याकाळी सगळे गेले. जाताना प्रणव ठकीला सांगून गेला, "मावशी, आता आईशी भांडू नका."

ठकीने ऐकलं! झावळी पडली की गुपचूप माझ्या विहिरीशी आणून ठेवायची आणि जायची. माझं मन शांत, घर त्याहून शांत. रडू आता येत नव्हतं. पण बोलायचं कोणाशी? फ्रिजशी?

दिवाळी सरल्यावर मी ठरवलं, राग नसला तर नसला, भांडण आपण हाताने करायचं! चांगली थोरली झावळी उचलली आणि ठकीच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर फेकली. "गो ठके! अंगणभर मिरच्या पसरतेस, अंगण काय तुझ्या बापाचं?"

ठकी बाहेर आली. मिरच्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि हसली!

"असू दे गो शालूबाय. परत वाळतील."

तिच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. पेनाच्या खुणांची.

"तू पण?" मी विचारलं.

"पोरगी लग्न करून मासवणला दिल्यापासून माझा पण जीव लागत नव्हता. तू एवढी खाष्ट, तू सुधारलीस! म्हटलं, आपण पण टकटक घ्यावी."

आता रोज सकाळी आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहतो.

"बोल गो."

"नाय, तू बोल."

झावळी मध्येच पडलेली असते. कोणी उचलतच नाही!