वायरमुक्त हळद

२००६ साली शेलार गावच्या दौलतशेठने बंगला बांधला, भिंतींतून वायरी ओढून घेतल्या आणि वीजजोडणीसाठी रीतसर अर्ज केला. येथपर्यंत त्याच्या हातून कोणताही गुन्हा घडलेला नव्हता. लेक उन्नतीची हळद तोंडावर आली होती. लखलखाटात बसलेली पोरगी डोळे भरून पाहावी, एवढीच त्या बापाची इच्छा.

अर्ज घेणारे साहेब नुकतेच ‘येत्या पन्नास वर्षांतील गृहविद्युत’ या परिसंवादातून जेवून आले होते.

“भिंतीत वायरी घातल्यात?” त्यांनी दुःखाने विचारलं. “अहो, पुढे वीज हवेतून येणार. जी वस्तू उद्या नाहीशी होणार, तिला मी आज जोडणी कशी देऊ?”

“मंग काय करू, साहेब?”

“उपटून टाका.”

दौलतने नव्याकोऱ्या भिंती फोडल्या. साहेब पाहणीला आले आणि भारावून गेले. तालुक्यातलं पहिलं वायरमुक्त घर! शॉर्टसर्किटची भीती नाही, आकडा टाकायला जागा नाही आणि वीजच नसल्याने भारनियमनाची कटकट कायमची मिटलेली. दौलतला शाल मिळाली, पेपरात फोटो आला. मग शेजाऱ्यांनाही शाली हव्याशा झाल्या आणि बघता बघता अख्खी आळी वायरमुक्त झाली.

“शालीच्या उजेडात पोरगी दिसंल का?” त्याची बायको तुळजा कडाडली. “हळदीला पेट्रोमॅक्स तरी आणा!”

दौलतने विचारताच साहेबांनी नकारार्थी मान हलवली. “भविष्यात पेट्रोमॅक्स असेल का? योजनेची बदनामी होईल. शाल परत करावी लागेल.”

शाल परत करणं म्हणजे गावात नाक कापून घेणं. दौलतने पेट्रोमॅक्सचा नाद सोडला.

हळद अंधारात लागली. बायकांनी चाचपत चाचपत लावली. बरीचशी खास पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनाच लागली. डीजेवाला पेटीवर बसून विडी ओढत होता. उद्या लेक सासरी जाणार आणि तिचं हळदीचं रूप आपल्याला दिसलंच नाही, या विचाराने दौलत अंधारात डोळे ताणून लेकीला शोधू लागला. तेवढ्यात दौलतनंतरचा आळीतला पहिला शालवाला महादू खाकरून म्हणाला, “लायटिंग झकास हाय!” मंडपभर टाळ्या पडल्या.

फोटोग्राफरचा फ्लॅश चार्ज झालेला नव्हता. अल्बमभर फोटो काळेकुट्ट निघाले. आल्यागेल्यासमोर दौलत तो उघडतो आणि भरल्या डोळ्यांनी विचारतो, “पोरगी कशी दिसते?”

मागे तुम्हीही गेला होतात की. चहाची बशी खाली ठेवलीत, ते काळं पान नीट निरखलंत आणि म्हणालात, “अगदी बापावर गेलीय.”