दोघांची सहल, सहभागी सर्व

नुकागांनी ठरवलं, की सहलीचा कार्यक्रम ऑफिसच्या मशीनवर छापायचा. एवढंच. माणसं याहून कितीतरी मोठे गुन्हे करतात आणि दुपारी डबा खाऊन डुलकीही काढतात. पण घरच्या प्रिंटरची निळी शाई संपली होती, आणि गरम पाण्याची कुंडं निळ्या रंगात दाखवायची नसतील तर कार्यक्रम आखायचाच कशाला, असं नुकागांचं स्पष्ट मत होतं.

नुकागा योशितेरु, वय सत्तेचाळीस, ओकायामातल्या एका खोके बनवणाऱ्या कंपनीत सामान्य विभागात कारकून. सामान्य विभाग म्हणजे जे काम कुणाचंच नसतं ते यांचं. ट्यूब बदलणं, कॅलेंडरं वाटणं आणि भिंतीवर सूचना चिकटवणं. सूचना लिहिण्यात तर त्यांचा हातखंडा होता. (स्वच्छतागृहातली 'कृपया पुढच्या माणसाचा विचार करावा' ही त्यांचीच. पुढच्या माणसाने अजून आभार मानलेले नाहीत.)

लग्नाला वीस वर्षं होत आली होती. लग्नानंतर मात्सुएला गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं ठरलं होतं, पण नेमकी त्याच आठवड्यात कंपनीत मालमोजणी निघाली. "पुढच्या वर्षी नक्की," असं नुकागा तेव्हा बायकोला म्हणाले. हे वाक्य त्यांनी पुढे एकोणीस वेळा म्हटलं, आणि दरवेळी मनापासून म्हटलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

यंदा मात्र योग आला. नोव्हेंबरात एका शुक्रवार-शनिवारी कारखान्यातलं मोठं यंत्र दुरुस्तीसाठी बंद राहणार होतं. खोकी नाहीत म्हणजे ऑर्डरी नाहीत, म्हणजे फोन नाहीत. नुकागांनी धीर एकवटून त्या शुक्रवारच्या रजेचा अर्ज तोदोरोकीसाहेबांपुढे ठेवला. साहेबांनी अर्ज हातात घेतला तो रक्ततपासणीचा अहवाल घ्यावा तसा.

"तब्येत बरी आहे ना रे?"

"हो साहेब."

"घरी सगळे?"

"बरे आहेत."

"मग रजा कशाला?"

"जरा... खाजगी."

साहेबांनी शिक्का मारला, पण चेहऱ्यावर काळजी तशीच राहिली. बावीस वर्षांत या माणसाने खाजगी असं काही केल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

मग नुकागा कार्यक्रम लिहायला बसले. आठ पानं झाली. मुखपृष्ठावर त्यांनी लिहिलं: 'शरद सहल. उद्देश: परस्पर सलोखा वाढवणे व पुढील कामासाठी नवा हुरूप मिळवणे. सहभागी: सर्व.'

चिझुरुने, म्हणजे बायकोने, चहा ओतता ओतता ते वाचलं.

"अहो, सर्व म्हणजे कोण?"

"आपण."

"आपण दोघंच तर आहोत."

"मग दोघं म्हणजे सर्वच की!"

"आणि हे काय? 'सात वाजून चाळीस मिनिटं: लघुशंका.' कुणाची?"

"ज्याची त्याची. पुढच्या थांब्यावर गर्दी असते अगं."

"आणि नऊ ते नऊ पंचवीस, 'मुक्त संभाषण'. कशावर बोलायचं ते नाही लिहिलंत?"

"ते पुरवणीत येईल," नुकागा गंभीरपणे म्हणाले. संध्याकाळी चिझुरुने वीस वर्षांपूर्वी घेतलेली, एकदाही न वापरलेली छोटी प्रवासी बॅग कपाटाच्या माथ्यावरून काढली आणि बाहेर गॅलरीत वाऱ्याला ठेवली. नुकागांनी ती पाहिली, आणि आपण फार थोर नवरा आहोत असं त्यांना दोन दिवस वाटत राहिलं.

तर ते छापणं. दुपारच्या सुट्टीत, ऑफिस रिकामं असताना, नुकागांनी काम उरकलं. पहिली प्रत बिघडली. पानाच्या एका बाजूचा मजकूर उलटा आला. दुसरी छान निघाली. निळी कुंडं अशी काही खुलली होती, की नुकागा ती प्रत छातीशी धरून थेट जागेवर गेले. बिघडलेली प्रत मशीनच्या ट्रेमध्ये राहिली. त्या मशीनवर सूचना होती: 'या यंत्रावर खाजगी कागद छापणे सक्त मना आहे.' खाली कमरेत वाकून माफी मागणाऱ्या बाईचं चित्र. शब्द नुकागांचे, चित्रही नुकागांचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रोजच्यासारखे ओळीत उभे राहिले. तोदोरोकीसाहेबांनी घसा साफ केला. त्यांच्या हातात आठ पानं होती.

"मंडळी," साहेब म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी आपली कंपनीची सहल बंद पडली. नव्या पोरांना नको म्हणे. मला वाटलं, संपलं सगळं. पण या ऑफिसात एक माणूस आहे, जो कुणाला न सांगता, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत—" इथे साहेबांनी रुमाल काढला. "निम्मी पानं उलटी होती. मी कागद फिरवून फिरवून वाचलं. परस्पर सलोखा! नवा हुरूप! सहभागी: सर्व! आणि तारीख कुठली, तर यंत्र बंद असतं तीच! नुकागा, म्हणून टाकलीस होय रे त्या शुक्रवारची रजा? तयारीसाठी?"

दहा माणसं वळून नुकागांकडे बघू लागली. आता बोलायचं होतं. 'साहेब, ती माझी आणि बायकोची सहल आहे,' एवढं एक वाक्य. नुकागांनी तोंडही उघडलं. पण साहेबांच्या डोक्याच्या बरोबर मागे मशीन होतं, मशीनवर सूचना होती, आणि सूचनेतली बाई वाकून माफी मागत होती.

नुकागाही वाकले. "काही चुकलं असेल तर क्षमा करा," ते पुटपुटले.

टाळ्या पडल्या.

मग सुरू झाली निस्तरानिस्तर. कार्यक्रम इतका वाईट करायचा की लोक आपणहून गळतील, असं नुकागांनी ठरवलं. निघायची वेळ त्यांनी पहाटे पाच पन्नासवर आणली. "वा! शाळेच्या सहलीसारखं!" सगळ्यांत तरुण मुलगी आनंदाने ओरडली. (हीच ती नवी पिढी, जिला सहल नको होती.) त्यांनी सकाळच्या सामूहिक व्यायामाची भर घातली. साहेबांनी त्यात आणखी दहा मिनिटं वाढवली. शेवटचा उपाय म्हणून ते मिझोगुचीबाईंकडे गेले. बाई हिशेब विभागात तीस वर्षं होत्या आणि साहेब काय बोलणार ते साहेबांच्या आधी त्यांना ठाऊक असे.

"बाई, हॉटेलात जागाच नाही हो. चौकशी केली मी. एकच खोली उरलीय, दोघांची."

"कोण म्हणतं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी मघाशीच फोन केला. मोठा हॉल मिळाला, शिवाय बायकांची एक खोली, पुरुषांची एक. तुमच्या नावाने एक खोली आधीच धरलेली होती, खाजगी कुंडवाली. कुणाचा तरी घोटाळा असणार. मी ती रद्द केली."

"रद्द?"

"हो. ते म्हणत होते, फार मुश्किलीने मिळते ती खोली. लगेच दुसऱ्या कुणी घेतलीही. आभार कसले मानता, नुकागासान!"

नुकागांनी आभार मानलेले नव्हते, पण आता मानले.

घरी सांगायला त्यांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी चिझुरु पर्सिमनचं फळ सोलत असताना त्यांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. सालीची लांब पट्टी तुटू न देता तिने फळ पूर्ण सोललं. मग म्हणाली:

"म्हणजे माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला मिझोगुचीबाई येणार."

"चांगल्या आहेत गं त्या."

"आणि तुम्ही कुठे झोपणार?"

"साहेबांशेजारी."

"बरं."

हे 'बरं' नुकागांना अजिबात बरं वाटलं नाही. "तू नाही आलीस तरी चालेल," ते घाईघाईने म्हणाले. "नंतर आपण दोघंच जाऊ. पुढच्या वर्षी—"

सुरी थांबली.

"पुढे बोलू नका," चिझुरु म्हणाली. "मी येणार. सर्वांत मीही आले."

अशा रीतीने त्या शुक्रवारी पहाटे, उजाडायच्या आत, तेरा माणसं ओकायामा स्टेशनवर जमली. नुकागांच्या हातात छोटा पिवळा झेंडा होता. ते दर दहा मिनिटांनी माणसं मोजत होते आणि दरवेळी बारा भरत होती. (स्वतःला मोजायचं राहून जाई. शेवटी चिझुरुनेच सांगितलं.) गाडी डोंगरातून वळणं घेऊ लागली तशी तिला खिडकीची जागा मिझोगुचीबाईंनी दिली. नवऱ्याला तिच्याशी बोलायला वेळच मिळाला नाही. 'मुक्त संभाषण' आलं तेव्हा ते खाण्याचे डबे वाटत होते.

मात्सुएला किल्ल्याच्या खंदकातून बोटीची फेरी होती. पूल इतके ठेंगणे, की बोटीचं छप्पर खाली आणावं लागे आणि सगळ्यांना वाकावं लागे. इतर प्रवाशांची तारांबळ उडाली, या मंडळींना काहीच कठीण गेलं नाही. साहेब जेवढे वाकत, त्याहून चार बोटं खाली बाकीचे वाकत, आणि सर्वांत खाली, बोटीच्या तळाला नाक लावून, नुकागा. चिझुरु मान तिरकी करून वरून जाणारे पुलाचे दगड बघत होती.

संध्याकाळी हॉलमध्ये खेकड्यांची ताटं आली. सगळे हॉटेलच्या सुती किमोनोत ओळीने बसले. दोन पेले झाल्यावर साहेब चिझुरुसमोर येऊन बसले.

"वहिनी, या माणसाने आम्हाला पुन्हा एकत्र आणलं. तुम्हाला एकदा भेटायचंच होतं. आज कसं वाटतंय?"

नुकागांचा खेकड्याचा पाय हवेतच राहिला.

"छान वाटतंय," चिझुरु हसून म्हणाली. "आज आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली."

साहेबांनी पेला खाली ठेवला. नुकागांनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"नुकागा!" साहेब उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी. "स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस तू ऑफिसला दिलास?"

"नाही साहेब, म्हणजे, तसं..."

"आणि वहिनी, तुम्ही दिलात?"

"हे असेच आहेत हो," चिझुरु म्हणाली. "घरी विचारलंसुद्धा नाही."

"बघा! विचारलंसुद्धा नाही!" साहेब गहिवरले. "अशी माणसं आता होत नाहीत." मग तिघांनी नुकागांना उचलून तीनदा हवेत उडवलं. तिसऱ्या वेळी त्यांचा किमोनो सुटला. बायकांनी माना फिरवल्या. चिझुरु मात्र खाली बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. ती अशी हसलेली नुकागांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती, आणि कंबर दुखत असूनही त्यांना बरं वाटलं.

सकाळी हॉटेलसमोरच्या ओढ्याकाठी पाय बुडवायच्या गरम कुंडावर ती त्यांना एकटी सापडली. ते शेजारी बसले. वाफ वर जात होती. दोघांचे पाय पाण्यात लालसर दिसत होते.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"अजून?"

"तेच बघतेय," ती म्हणाली. मग त्यांच्या मनगटाकडे पाहून: "घड्याळ काढा आधी."

नुकागांनी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. तिने ते आपल्या बाहीत टाकलं आणि खांदा त्यांच्या खांद्याला टेकवला. काय बोलावं ते त्यांना सुचेना. पुरवणी लिहायची राहूनच गेली होती. तरी त्यांनी धीर केला. "चिझुरु, मी तुला कधी—"

"अरे, इथे आहात होय!" म्हणत तोदोरोकीसाहेब आले, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला, आणि दोघांच्या मधोमध बसले. "जोडीने बघून किती बरं वाटतं!"

सोमवारी ऑफिसात साहेबांनी नुकागांना बोलावलं. मालकांनी स्वतः सांगितलं होतं: सहल कंपनीची, म्हणजे शुक्रवारी नुकागा कामावरच होते. तेव्हा ती रजा खर्ची पडलेली नाही. परत घ्या, हवी तेव्हा वापरा. साहेबांनी तर तारीखही सुचवली, डिसेंबरचा पहिला शुक्रवार.

नुकागा घरी आले ते जवळजवळ पळतच. "चिझुरु! एक दिवस मिळाला! पूर्ण दिवस! फक्त आपण दोघं! कुठे जायचं बोल!"

"कुठला दिवस?"

"पाच तारीख, शुक्रवार."

"अगं बाई," चिझुरु म्हणाली. "पाचला मी नाही. मिझोगुचीबाई आणि मी शोदोशिमा बेटावर जातोय. बोटीची तिकिटं काढून झाली. त्या पण रजा घेतायत." मग तिचा चेहरा उजळला. "पण तुम्ही घरी असाल ते फार चांगलं झालं. त्या दिवशी सोसायटीचे लोक सांडपाण्याचे पाइप साफ करायला येणार आहेत. कुणीतरी हवंच होतं."

पाच तारखेला सकाळी दहाला पाइपवाला आला. त्याने स्वयंपाकघराच्या मोरीत लांब नळी सोडली आणि नुकागा ॲप्रन लावून, हातात फडकं घेऊन शेजारी उभे राहिले.

"बाईसाहेब नाहीत घरी?" पाइपवाल्याने विचारलं.

"सहलीला गेल्यात."

"वा. आणि तुम्ही नाही गेलात?"

"छे," नुकागा म्हणाले. "माझी आज रजा आहे ना."