आमचा शेंदरी मासा

बायकोला मदत करावी असं माझ्या मनात आलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

आम्ही कोपरला, खाडीच्या अंगाला राहतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी लोक कचऱ्याच्या पिशव्या टाकतात, आणि त्या भरतीबरोबर खाडीत जातात. म्हणून जयाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या भिंतीवर कार्टून काढायला घेतलं: प्लॅस्टिक खाऊन पोट फुगलेला, डोळे गरगर फिरवणारा मासा. चेअरमन प्रभाकरराव म्हणाले, "वहिनी, हा पोरखेळ झाला. रविवारपर्यंत कचरा थांबला नाही, तर चुना मारणार." जया शाळेत चित्रकला शिकवते. हे ऐकून तिला जेवण गेलं नाही. (मला गेलं. तिच्या वाटचंही.)

शनिवारी ती शाळेत गेली. मासा अर्धाच रंगलेला आणि निळा रंग संपलेला. घरात गणपतीच्या मखराचा शेंदरी रंग उरला होता. मी बिनधास्त सगळा मासा शेंदरी करून टाकला. (डोळेही जरा मोठे केले. कला अंगात असतेच.)

संध्याकाळी बघतो तर माशापुढे जास्वंद, नारळ आणि दोन उदबत्त्या!

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"अगं, पण कचरा बघ ना. एक पिशवी नाही!"

रविवारी प्रभाकरराव चुन्याची बादली घेऊन आले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि बादलीसकट परत गेले. भिंत वाचली. पण जया रडकुंडीला आलेली.

"मी आजारी मासा काढला होता. तुम्ही त्याचा देव केलात!"

त्यात लोक निर्माल्य आणून ठेवू लागले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून! मला खरंच वाईट वाटलं. जयाने मात्र डोळे पुसले, ब्रश उचलला आणि माशाच्या तोंडाशी फुगा काढून त्यात लिहिलं: 'फुलं चालतील. पिशवी नको, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय.'

लोक वाचतात, हसतात आणि पिशवी घरी नेतात. शेजारच्या गावठाणातले काळुराम ती फुलं त्यांच्या वांग्यांच्या खतासाठी उचलतात. परवा ओहोटीला भिंतीमागे खाडीच्या चिखलात खेकडे दिसले. जया कितीतरी वेळ बघत उभी होती, आणि मला तिचा भारी अभिमान वाटला.

आता प्रभाकररावांनी तिला गेटजवळची भिंतही दिली आहे. तिथे तिने बनियन घातलेला एक ढेरपोट्या काढलाय, दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या.

"कोण गं हा?"

"काल्पनिक आहे," जया म्हणाली. मी हातातली भाजीची पिशवी हळूच पाठीमागे नेली.

तेवढ्यात काळुराम आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय शेट, फोटू एकदम झ्याक आलाय तुमचा," ते म्हणाले. "पन तुमच्यापुढं नारल नाय ठेवला कोनी?"