लिनक्सवरची बोलणी

पडद्यावर कलबुर्गीचे किशनराव तोंड हलवत होते आणि बीदरमध्ये नरहरराव मास्तरांच्या कॉम्प्युटरमधून चकार शब्द बाहेर पडत नव्हता. मास्तरांच्या लेकीला, श्रीलक्ष्मीला, बघायचा कार्यक्रम व्हिडिओवर चालला होता. आधीची दोन स्थळं मास्तरांच्या तोंडामुळे हुकली होती, म्हणून नलिनीबाईंनी नवऱ्याला मोजून चार वाक्यांची परवानगी दिली होती.

“आवाज कामून येईना?” मास्तर म्हणाले.

“बघायलेय, अप्पा.” या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स लेकीनेच चढवलं होतं. आवाज तर शंभरावर होता. वायर बघायला ती टेबलाखाली शिरली.

पलीकडून मुलगा, प्रणेश, कानाकडे बोट दाखवू लागला.

“त्यांनाबी ऐकू येईना बघ,” मास्तरांनी निदान केलं. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचा हा हिशेब! चार वाक्यांची अट तिथेच सुटली. “पोरगं बरंय गं. पण बाप डुलायलाय. झोप लागली काय?”

प्रणेशचे वडील किशनराव ताठ बसले. प्रणेश हातवारे करू लागला, तोच त्याच्या आईने, विजयश्रीबाईंनी, त्याचा हात खाली ओढला.

“बघा! लेकराला हातबी हलवू देईना. लई तापट दिसायलीय,” नलिनीबाईही वाहवल्या.

“अप्पा, माइक चालू—” टेबलाखालून आवाज आला.

“तू वायर बघ.” मग मास्तरांचा स्वर उतरला. “खरं सांगू? मागची दोन्ही स्थळं मीच मुद्दाम घालवलो. ही गेल्यावर घर खायला उठंल गं मला.”

श्रीलक्ष्मी डोळे पुसतच वर आली. तिने सेटिंग उघडली. काल जोडलेल्या नव्या मॉनिटरकडे लिनक्स सगळा आवाज पाठवत होतं आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. तिने टेबलावरचे स्पीकर निवडले.

“सर, आमाला मगापासून सगळं ऐकू यायलंय,” विजयश्रीबाई बोलत होत्या. “प्रणेश तेच सांगायलता, मीच त्याला अडवले. तापट हायच मी! पण एवढा जीव लावणाऱ्या घरची पोरगी आमाला पाहिजे. आमचा पोरगा तिला चालतो का, तेवढं इचारा.”

श्रीलक्ष्मीने हसून मान हलवली. मास्तर घाईने लेकीकडे वळले. “श्री, आवाज बंद कर. मला तुझ्या आईशी बोलायचंय.”

लेकीने सांगितलं तेवढंच केलं. स्पीकर बंद केले.

“अगं, बाई सोन्यासारखी हाय,” मास्तर बायकोच्या कानाशी लागून मोठ्यांदा म्हणाले. “हे स्थळ मी न्हाई घालवणार.”

पडद्यावर विजयश्रीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेजारी किशनराव खो खो हसत होते.